सीलबंद लेगो आणि हॉट व्हील्स घरात जपायचे कसे: पावसाळा, ओल, कसर आणि वजन

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याला जपायचंय ते खेळणं नाही, खोकं. लेगोचा ब्रिक १९६३ पासून एबीएस प्लॅस्टिकचा असतो, हॉट व्हील्सची गाडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, या दोघांना आपल्याकडचा पावसाळा फारसं काही करत नाही. पण सीलबंद सेटला जो भाव येतो तो छापील पुठ्ठ्यामुळे, न उघडलेल्या सीलमुळे, कडक कोपऱ्यांमुळे, आणि हे सगळं शेवटी कागद आणि गोंद. त्यात २०२० मध्ये लेगोनं जाहीर केलं की डब्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हळूहळू बंद करून कागदी आणणार, म्हणजे नव्या सेटमध्ये बाहेरही कागद आणि आतही कागद.

आणि इकडे हे जमवणं स्वस्त राहिलेलं नाही. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० झाली. ७५१९२ नंबरचा मिलेनियम फाल्कन, २०१७ चा, ७५४१ तुकड्यांचा, कोणी परदेशातून येताना अख्ख्या बॅगेचं वजन खर्च करून आणला असेल तर त्याचा कोपरा माळ्यावर दबलेला बघून काय वाटतं ते ज्याचं त्याला ठाऊक. जुनं देशी कलेक्शन असेल तर अजूनच जपा, ऐंशी-नव्वदच्या दशकांतले लिओ मॅटेलचे हॉट व्हील्स आणि फनस्कूलचे जी. आय. जो सैनिक बाहेरच्या देशांतले लोकही शोधत असतात आणि कार्डासकट, म्हणजे मागच्या छापील पुठ्ठ्यासकट, धड पीस मिळणं मुश्किल, कारण आपण सगळ्यांनी ती कार्डं दुकानातून घरी पोचायच्या आधीच रिक्षात फाडली होती.

खाली जे लिहिलंय ते मुंबई, ठाणे, कोकण, गोवा असल्या दमट हवेच्या घरांना धरून. पुणे-नाशिकवाल्यांना त्यातलं निम्मं चालेल, नागपूर-अकोल्याकडच्यांसाठी उन्हाचा भाग जास्त महत्त्वाचा, तो पुढे आहे.

आधी भिंत बघा, मग कपाट

आपल्याकडे उलटं होतं, कपाट जिथे बसतं तिथे बसतं आणि मग त्यात सामान. कलेक्शनसाठी मात्र भिंतीपासून सुरुवात करा. नैऋत्य मोसमी पाऊस घराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूला झोडपतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंती टाळा. बाथरूमच्या पलीकडची भिंत टाळा, वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीच्या टाकीखालचा कोपरा टाळा, आणि एसीचा ड्रेन पाइप ज्या भिंतीतून जातो तीसुद्धा. सगळ्यात चांगली म्हणजे दोन खोल्यांच्या मधली आतली भिंत, जिच्या दोन्ही बाजूंना घरच आहे.

भिंतीत ओल आहे की नाही हे पोपडे निघायची वाट न बघता कळतं. साधारण फूटभर लांबरुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला गच्च चिकटवा आणि दोन दिवस तसाच सोडा. काढताना बघा, भिंतीकडच्या बाजूला दव धरलं असेल किंवा भिंत तेवढ्याच चौकोनात गडद दिसत असेल तर पाणी भिंतीच्या आतून येतंय, तिथे कपाट नको आणि आधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. दव खोलीकडच्या बाजूला असेल तर भिंत बरी आहे, खोलीची हवा दमट आहे, त्याचा इलाज वेगळा. ही टेस्ट जुलै-ऑगस्टमध्येच करायची, मार्चमध्ये सगळ्याच भिंती पास होतात.

आता नेहमीच्या तीन जागा. माळा ही सगळ्यात वाईट जागा, स्लॅबला लागून असतो, मे महिन्यात भट्टी होतो आणि पावसात गळती झाली तर पहिलं पाणी तिथेच, शिवाय तिथे ठेवलेलं कोणी वर्षभर बघत नाही. बेडच्या बॉक्समध्ये अंधार असतो हे चांगलं पण हवा अजिबात हलत नाही, गादीखालची प्लायवूडची फळी वाकते आणि खालच्या डब्यावर टेकते, आणि बॉक्स थेट जमिनीला लागून असेल तर पुसलेल्या फरशीची ओल रोज आत. उरलं स्टीलचं कपाट, जुन्या पद्धतीचं गोदरेज टाइप, तेच बरं. वाळवी स्टील खात नाही, लॉक असतं, आणि खाली स्टँड लावले की झाडू-फडकं खालून फिरतं. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा म्हणजे मागून हवा खेळते. लाकडी किंवा प्लायचं कपाट असेल तर चालेल पण नवं केलेलं असेल तर काही महिने उघडं ठेवून त्याचा तो डोळे चुरचुरणारा वास जाऊ द्या, ती वाफ कागदालाही चांगली नाही.

स्वयंपाकघराच्या जवळ नको, फोडणीचा तेलकट थर कपाटाच्या फटीतूनही आत जातो आणि डब्याच्या चकचकीत छपाईवर धूळ अशी चिकटते की पुसली तर रंग मंद होतो. देवघराच्या शेजारी पण नको, उदबत्ती आणि धुपाची काजळी. ग्राउंड फ्लोअरवाल्यांनी तर कपाटाचा सगळ्यात खालचा खण रिकामाच ठेवावा किंवा त्यात भांडीकुंडी टाकावीत, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, पाणी कुठवर येऊ शकतं हे आपण बघितलंय.

मीटर घ्या, अंदाजावर चालू नका

छोटा डिजिटल हायग्रोमीटर ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत मिळतो, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो. एक कपाटात, एक खोलीत. पण स्वस्त मीटर पाच-दहा टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून घेतल्या घेतल्या मिठाची टेस्ट करा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात पाण्याचे थोडे थेंब, मीठ विरघळायला नको फक्त ओल्या वाळूएवढं भिजायला हवं, ते झाकण आणि मीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून एक दिवस ठेवा. ओल्या मिठाच्या वरच्या हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मीटर ७० दाखवत असेल तर तो पाचनं कमी दाखवतो, कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मागे चिकटवून टाका.

लक्ष्य ४५ ते ५५ टक्के. ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशीला रान मोकळं, आणि मुंबईत पावसाळ्यात खोलीतलं रीडिंग ८०-८५ असणं ही नेहमीची गोष्ट आहे. पण ३५ च्या खाली जाणंसुद्धा नको, फार कोरड्यात कार्ड वाकतं, ब्लिस्टरचा, म्हणजे कार्डावरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुगवट्याचा, गोंद तडकतो, स्टिकर शीट गुंडाळी मारते. खूप लोक सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ओततात ओततात आणि डबा वाळवंट करून टाकतात.

पॅकिंग जुलैमध्ये करू नका

माझ्या मते अख्ख्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. पहिला मोठा पाऊस पडला, खोलीत कोंदट वास आला की माणूस घाबरतो आणि सगळे डबे धडाधड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टेप मारतो. पुठ्ठा हवेतलं पाणी शोषून घेतो, पन्नास टक्के आर्द्रतेत त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी त्यात असतं, पंच्याऐंशी टक्क्यांत ते बारा-तेराच्या पुढे जातं. म्हणजे एक किलो पुठ्ठा भर पावसाळ्यात साधारण पन्नास-साठ ग्रॅम जास्तीचं पाणी पोटात घेऊन बसलेला असतो. अशा वेळी तुम्ही त्याला सीलबंद केलंत तर पाणी आत कोंडलंत, बाहेर नाही ठेवलंत. रात्री एसी लावला की प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला तेच पाणी थेंब होऊन बसतं आणि छपाईला चिकटतं.

म्हणून पॅकिंगचा सीझन म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची साफसफाई होते, थंडी पडते, हवा कोरडी होते, तेव्हा डबे कपाटाबाहेर पंख्याच्या खोलीत दोन-तीन आठवडे नुसते उभे ठेवा, उन्हात नाही, मीटर पन्नासच्या आसपास आला की मग पॅक करा. ऑगस्टमध्ये नवा सेट आला तर? त्याला पॅक करायची घाई नाही. एसीच्या खोलीत ड्राय मोडवर, वाऱ्याच्या थेट झोतात न ठेवता, आठवडाभर ठेवा, नाहीतर खाली सांगितलंय तशा क्रेटमध्ये जास्त जेल घालून ठेवा आणि थंडीत परत नीट करा. कुरिअरचं बाहेरचं तपकिरी खोकं मात्र तेव्हाच बाजूला करा, ते कुठल्या गोडाऊनमध्ये किती दिवस होतं माहीत नसतं आणि झुरळाची अंडी बहुतेक वेळा त्याच्याच घड्यांमधून घरात येतात. कंपनीचं मूळ शिपिंग खोकं असेल, त्यावर सेट नंबर छापलेला असतो ते, तर ते ठेवा, फक्त आधी झटकून, वाळवून.

डब्याची साफसफाई आणि फोटो

कोरडं मायक्रोफायबरचं फडकं किंवा मेकअपचा मऊ ब्रश, बस. ओला वाइप नको, काच पुसायचा स्प्रे नको, सॅनिटायझर तर अजिबात नको, त्यानं छपाईची चमक जाते. दुकानाचं किमतीचं स्टिकर काढायचा मोह होतो, काढायचंच असेल तर हेअर ड्रायर लो हीटवर लांबून धरून गोंद कोमट करा आणि स्टिकर वरच्या दिशेनं न उचलता डब्याला जवळजवळ समांतर, मागच्या मागे, हळू ओढा. पुठ्ठ्याचे तंतू उठायला लागले की थांबा. खरं सांगायचं तर आपल्याकडचं जुनं रुपयातलं प्राइस स्टिकर मला त्या डब्याचा भागच वाटतं, मी काढत नाही.

मग फोटो काढा, सहाही बाजू, आठही कोपरे, दोन्हीकडची सील जवळून. सेट नंबर, घेतल्याची तारीख, बिल, कुठल्या क्रेटमध्ये आहे, एवढं एका शीटमध्ये. नंतर विकताना सील ओरिजिनल आहे का म्हणून वाद झाला तर हे जुने फोटोच कामी येतात. मोठं कलेक्शन असेल तर घराच्या विम्याचं पण बघा, एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातल्या सामानाचं कव्हर असतं पण कलेक्शनसारखी वस्तू त्यात कशी धरतात हे एजंटकडून तोंडी नको, ईमेलवर लेखी घ्या.

काय गुंडाळायचं, काय नाही

चालणाऱ्या गोष्टी: पॉलिप्रोपिलिन, पॉलिएथिलिन किंवा पीईटीच्या पारदर्शक पिशव्या, थोड्या सैल, तोंड दुमडून ठेवता येईल अशा. पिशवीच्या आत, डब्याला लागून, अॅसिड-फ्री टिश्यू मिळाला तर उत्तम.

न चालणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे. स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म नको, ती बरेचदा पीव्हीसीची असते, तिच्यातला मऊपणा आणणारा तेलकट पदार्थ कालांतरानं बाहेर येतो आणि छपाईला चिकटतो, शिवाय ताणून गुंडाळली की कोपरे दाबले जातात. बबल रॅप थेट डब्यावर नको, वर वजन आलं आणि उन्हाळा गेला की चकचकीत छपाईवर गोल गोल ठसे उठतात, वापरायचाच तर मध्ये कागद घालून आणि बुडबुडे बाहेरच्या बाजूला. वर्तमानपत्र नको, शाई लागते आणि तो कागद स्वतःच आंबट, पिवळा पडतो. रबरबँड नको, आपल्या उन्हाळ्यात तो वितळून पट्ट्यासारखा छापला जातो. सेलोटेप डब्याला कधीच नको, सील सुटायला आलं असेल तरी नको. पिवळा स्पंज, फोम, नको, काही वर्षांनी त्याचा चिकट भुगा होतो. आणि काळी कचऱ्याची पिशवी तर नकोच, घरातलं कोणीतरी ती कचऱ्याची समजून खरंच कचऱ्यात टाकतं.

क्रेट आणि सिलिका जेल

छोटे आणि मध्यम डबे सरळ झाकणाला रबरी गॅस्केट असलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवा, धान्याचे मोठे एअरटाइट डबे मिळतात ना, तसल्याच दुकानात पन्नास-साठ लिटरचे मिळतात. पारदर्शक घेतलात तर आतला मीटर बाहेरून वाचता येतो. क्रेट आधी धुऊन, पूर्ण वाळवून, एक दिवस उघडा ठेवून मग वापरा.

जेल किती? पन्नास-साठ लिटरच्या, थंडीत पॅक केलेल्या क्रेटला पाव ते अर्धा किलो पुरतं. बुटाच्या खोक्यातल्या त्या दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या जमवून काही होत नाही. रंग बदलणारं जेल घ्या पण नारिंगी ते हिरवं होणारं, निळं ते गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते घरात, पोरांच्या हाताशी नको. सुती कापडाच्या छोट्या पिशवीत भरा, डब्याला थेट चिकटवू नका, कोपऱ्यात ठेवा. रंग बदलला की ओव्हनमध्ये ताटात पसरून ११०-१२० डिग्रीवर दोन-तीन तास, परत नारिंगी. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर हलवत राहून होतं, फक्त करपवू नका आणि तो तवा परत पोळ्यांना वापरू नका.

ते पाणी गोळा करणारे पांढरे डबे असतात, कॅल्शियम क्लोराइडचे, कपाटात टांगायचे किंवा ठेवायचे, ते चांगलं पाणी ओढतात पण खाली खारट पाणी साठतं. ते सांडलं तर पुठ्ठाही गेला आणि कपाटाचं स्टीलही. वापरायचे तर कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, ताटलीत, क्रेटच्या आत कधीच नाही. मोठ्या कलेक्शनवाल्यांनी फोटोग्राफर लोक लेन्स ठेवायला वापरतात तसं इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट बघावं, मात्र त्यात लेगोचा मोठा डबा मावत नाही, हॉट व्हील्सला झकास. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती पुठ्ठ्याच्या डब्यांशेजारी करू नका, आग लागेल.

रचायचं कसं

पुठ्ठ्याची ताकद त्याच्या उभ्या कडा आणि कोपऱ्यांत असते, मधल्या पृष्ठभागात नाही. आणि दमट हवेत ती ताकद कमी होते, नव्वद टक्के आर्द्रतेत खोकं निम्म्याहून कमी वजन पेलतं अशी परिस्थिती येते, म्हणजे डिसेंबरमध्ये व्यवस्थित उभी असलेली चळत सप्टेंबरमध्ये खचते. म्हणून छोटे-मध्यम डबे पुस्तकांसारखे उभे, शेजारी शेजारी, घट्ट नाही पण कलंडणारही नाहीत असे. मोठे जड डबे आडवे, एकावर एक फार तर दोन, सगळ्यात जड खाली, आणि वरचा डबा खालच्यापेक्षा लहान असेल तर त्याचं वजन खालच्याच्या पोटावर येतं, तेव्हा मध्ये एक ताठ फळी किंवा जाड सनबोर्ड घाला म्हणजे वजन कडांवर जातं. डबा फळीबाहेर डोकावता कामा नये, दोन बोटं जरी बाहेर राहिला तरी एक कड कामातून गेली.

उभ्या ठेवलेल्या डब्यात तुकडे खाली घसरतात आणि खालची बाजू फुगते असं काही जण म्हणतात. ते खरं आहे, अर्धा रिकामा असलेल्या डब्यांत जास्त. त्यावर उपाय म्हणजे तसे डबे आडवे ठेवणं आणि वर काहीही न ठेवणं, जागा खाते पण इलाज नाही.

हॉट व्हील्सचं गणित वेगळं

इथे कार्ड, ब्लिस्टर आणि दोघांमधला गोंद अशा तीन गोष्टी सांभाळायच्या. खिळ्याला हुकमध्ये टांगून ठेवू नका, वरचं भोक फाटतं आणि कार्डाला बाक येतो. पीईटीचा कडक प्रोटेक्टर घ्या, लाँग कार्डाचा वेगळा आणि शॉर्ट कार्डाचा वेगळा येतो, मोठ्यात लहान घातलं तर आत खुळखुळून कोपरेच झिजतात. सगळ्याच गाड्यांना प्रोटेक्टर परवडत नाही, तेव्हा ट्रेझर हंट आणि सुपर ट्रेझर हंट (कमी सापडणाऱ्या खास गाड्या), महागड्या प्रीमियम, जुने लिओ मॅटेल यांना घाला आणि बाकीच्या मेनलाइन, म्हणजे नेहमीच्या स्वस्त गाड्या, साध्या पिशवीत.

रांगेत उभ्या करताना एक ब्लिस्टर वर, पुढचा खाली अशा आलटून पालटून लावा, नाहीतर सगळे फुगवटे एका बाजूला येऊन रांग पंख्यासारखी उघडते आणि मागची कार्डं वाकतात. कार्ड आधीच वाकलं असेल तर जड पुस्तकाखाली दाबायला जाऊ नका, ब्लिस्टर चेपेल किंवा गोंद सुटेल. प्रोटेक्टरमध्ये घालून पन्नास टक्क्यांच्या क्रेटमध्ये महिनाभर ठेवा, बरंचसं आपोआप सरळ होतं.

रबरी टायरवाल्या प्रीमियम गाड्या उघड्या ठेवत असाल तर टायर दुसऱ्या प्लॅस्टिकला, विशेषतः पारदर्शक स्टँडला, कायम टेकलेले ठेवू नका. काही वर्षांत रबरातला तेलकट पदार्थ प्लॅस्टिकमध्ये उतरतो आणि तिथे खड्डा पडतो.

मऊ पीव्हीसीच्या फिगर्स, अॅक्शन फिगर, अॅनिमेच्या वगैरे, यांना वरचा एअरटाइट नियम लावू नका. त्या बंद गरम जागेत घाम सोडतात, हाताला चिकट लागतात. त्यांना सावली, थंडावा आणि थोडी हलती हवा हवी. बॅटरी किंवा बटन सेल असलेलं काही उघडलेलं असेल तर सेल काढून वेगळे ठेवा. सीलबंदात सेल असतील तर आपल्या हातात काही नाही, असा सेट पंधरा-वीस वर्षं ठेवायच्या हिशेबानं घेऊ नका एवढंच. तसंच लेगोच्या रेडिश ब्राऊन आणि डार्क रेड रंगांचे काही वर्षांतले तुकडे ठिसूळ निघतात, डबा कितीही जपलात तरी, तो माल कारखान्यातूनच तसा आलेला असतो.

कसर, झुरळ, वाळवी

कसरीला कागद आणि खळ आवडते, झुरळाला गोंद, वाळवीला सगळंच. कसरीची ओळख म्हणजे छपाईचा वरचा थर खरवडल्यासारखे वेडेवाकडे पट्टे, आरपार भोक नसतं. झुरळाची ओळख बारीक तपकिरी ठिपके, जे पुसून जात नाहीत. वाळवीची मातीची नळी भिंतीवर किंवा कपाटाच्या मागे दिसली तर त्याच दिवशी सगळं बाहेर काढा.

डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना, खास करून पॉलिस्टायरीनच्या जातीतल्यांना, मऊ आणि चिकट करते आणि वास पुठ्ठ्यातून वर्षानुवर्षं जात नाही. कापूर पण नको. आज्जी पोथ्यांच्या कपाटात वेखंड ठेवायची ते चालेल, पुरचुंडीत बांधून कपाटात, क्रेटमध्ये नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. खरं काम करतं ते झुरळं मारायचं जेल बेट (आमिषाची पेस्ट), बिजागऱ्या आणि मागच्या फटींत वाटाण्याएवढं. पेस्ट कंट्रोलवाला आला तर कपाट बंद करून त्याला सांगा की फवारा आत नको.

ऊन आणि लाइट

खिडकीतून येणाऱ्या उन्हानं डब्याचा लाल आधी फिका होतो, मग पिवळा, आणि उघडलेल्या सेटमधले पांढरे, राखाडी, निळे ब्रिक पिवळट पडतात. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर खिडकीच्या समोरची भिंत नको, काचेला यूव्ही फिल्म लावा, शोकेसमधले लाइट फक्त पाहुणे आल्यावर. विदर्भ-मराठवाड्यात ४५ डिग्रीला ब्रिक वितळत नाही, पण डब्याचा गोंद सुटतो आणि सील आपोआप उघडलेली दिसते, गिऱ्हाईक ते मानत नाही. तिकडे कूलरच्या खोलीत पण ठेवू नका, कूलर म्हणजे आतमध्ये पावसाळा.

पाहुण्यांवरून आठवलं. "एवढी खेळणी पडलीयेत, एक दे की बाळाला" हे वाक्य प्रत्येकाच्या घरी येतंच. कपाटाला कुलूप हवं आणि कपाटाबाहेर, दिसेल अशा जागी, दोन-तीन स्वस्तातल्या मेनलाइन गाड्या देण्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या हव्यात. बाळ खूश, आत्या खूश.

वर्षाचं वेळापत्रक

मे अखेरीला जेल भाजून घ्या, झाकणांची गॅस्केट बघा, पन्हळ आणि खिडक्यांच्या फटी बघा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेरून फक्त मीटर वाचा, क्रेट उघडू नका, उघडलं की दमट हवा आत. साठच्या वर गेलं तर एसीच्या खोलीत नेऊन जेल बदला. दसरा-दिवाळीच्या मध्ये सगळं बाहेर, एकेक डबा हातात घेऊन नाक लावा, कोंदट वास डोळ्यांच्या आधी सांगतो. डबे उलटसुलट करून परत ठेवा म्हणजे तेच कोपरे कायम भार घेत राहत नाहीत.

डबा भिजलाच तर

टिपायला सुती फडकं, पुसायचं नाही, दाबून उचलायचं. दोन भिजलेले डबे एकमेकांना चिकटलेले असतील तर ओले असतानाच हळूच वेगळे करा, वाळले की चकचकीत छपाई एकमेकीला धरते आणि ओढताना सोलून निघते. मग जाळीवर किंवा कपडे वाळवायच्या स्टँडवर, पंख्याखाली, एसी ड्रायवर, सावलीत. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही नको, एक बाजू लवकर वाळून डबा पिळतो. आत पाणी गेलं असेल तर सील गेली तरी चालेल, उघडा, कारण ओली कागदी पिशवी आणि सूचनांचं पुस्तक दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. पुस्तकाच्या पानांमध्ये टिश्यू घालत जा आणि दर काही तासांनी बदला. बुरशी दिसलीच तर डबा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घराबाहेर गॅलरीत न्या, मास्क लावा, पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेनं झाडा आणि तो ब्रश फेकून द्या. असा डबा महिनाभर वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायचा, बाकीच्यांत परत मिसळायचा नाही, आणि विकताना फोटोत तो डाग झाकायचा नाही.